सहीमागचा माणूस

डेबियन ही संगणकप्रणाली वापरणाऱ्याला एखादा नवा प्रोग्रॅम हवा असला, की तो एका ओळीची आज्ञा लिहितो आणि एंटरची कळ दाबतो. तेवढ्याने तो प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या दहा-वीस लायब्रऱ्या, मदतीची पाने, मांडणीच्या फाइली असे सगळे उतरते आणि आपापल्या जागी जाऊन बसते. कोणी पैसे मागत नाही, कोणी नावगाव विचारत नाही. हे इतके बिनबोभाट घडते, की यामागे माणूस असेल असे मनातही येत नाही. यंत्रानेच यंत्राचे काम केले असे वाटते. पण उतरलेल्या प्रत्येक पॅकेजबरोबर एक नोंदवही येते. त्या पॅकेजात केव्हा, काय आणि का बदलले ते तिच्यात तारीखवार लिहिलेले असते, आणि प्रत्येक नोंदीखाली एक नाव, एक ईमेल-पत्ता आणि एक वेळ असते. ज्याला अधिकार दिला आहे अशा कोणीतरी आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल सही केल्याशिवाय पॅकेजची नवी आवृत्ती डेबियनच्या भांडारात शिरू शकत नाही. ही प्रस्तावना त्या सहीविषयी आहे. ती कोण करतो, कशाच्या बळावर करतो, आणि कोणाचाही हुकूम नसताना केलेल्या त्या सहीवर जगाने विसंबावे का, हे तीन प्रश्न पुढची पाने वाचण्याआधी वाचकाच्या मनात स्पष्ट असावेत.

इयान मरडॉक हा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने डेबियनची घोषणा केली. डेब्रा या आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव केले. लिनक्सचा गाभा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. तो गाभा आणि ग्नू प्रकल्पाची साधने एकत्र बांधून देणारे संच मिळत होते, पण त्यांची जुळणी घाईची आणि दोषांनी भरलेली असे. ही जुळणी अनेकांनी मिळून, उघडपणे आणि काळजीने करावी, असे मरडॉकचे म्हणणे होते. जून १९९६ मध्ये निघालेल्या १.१ आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या तेराव्या आवृत्तीत, म्हणजे 'ट्रिक्सी'त, ती ६९,८३० झाली. या पसाऱ्याची निगा राखणाऱ्या अधिकृत डेव्हलपरांची संख्या हजाराच्या आसपास आहे. त्यांच्याभोवती दुरुस्त्या पाठवणारे, भाषांतर करणारे, दोष कळवणारे असे आणखी कितीतरी. उबुंटू २००४ पासून डेबियनवर उभी आहे, रास्पबेरी पायची प्रणाली तिच्यावरच उभी आहे, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी केलेली 'बॉस' ही प्रणालीही तिच्यातूनच निघाली. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या लॅपटॉपांतून विंडोज एक्सपी काढून डेबियन घालण्याचा निर्णय झाला. स्वयंसेवकांनी सह्या केलेली ही पॅकेजे म्हणजे हौशी लोकांचा छंद उरलेला नाही. जगाच्या रोजच्या व्यवहाराचा पाया त्यांच्यावर बसलेला आहे.

पॅकेज करणे म्हणजे नेमके काय, याचा अंदाज बाहेरून येत नाही. मूळ लेखकाने प्रोग्रॅम लिहून खुला केला, कोणीतरी तो उचलून भांडारात ठेवला, एवढेच काम असावे असे वाटते. डेबियनची मंडळी मूळ लेखकांना 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे उगमाकडचे लोक. उगमाचे पाणी घागरीत येईपर्यंत मध्ये बरेच गाळावे लागते, आणि ते गाळण्याचे काम मेंटेनरचे. तो आधी परवाना वाचतो. शेकडो फाइलींच्या प्रोग्रॅममध्ये दोन-चार फाइली भलत्याच अटींखाली आलेल्या निघतात. डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारात मुक्ततेच्या कसोट्या लिहिल्या आहेत (पुढच्या वर्षी 'ओपन सोर्स'ची व्याख्या याच कसोट्यांवरून बेतली गेली). त्यांना या फाइली उतरल्या नाहीत, तर त्या वगळाव्या लागतात, नाहीतर पॅकेजचा नाद सोडावा लागतो. मग प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीवर अवलंबून आहे ते शोधून नोंदवायचे. कोणती फाइल कुठे राहावी याविषयी धोरणपुस्तिकेत नियम आहेत, ते पाळायचे. मदतीचे पान नसेल तर पुष्कळदा मेंटेनरच ते लिहितो. ट्रिक्सी सात प्रकारच्या प्रोसेसरांवर चालते, तेव्हा एकावर सुरळीत चालणारा कोड दुसऱ्यावर का अडखळतो तेही पाहायचे. पॅकेज नवे असेल तर भांडाराचे राखणदार ते पुन्हा तपासतात. त्यानंतर ते 'अनस्टेबल' शाखेत जाते. काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर 'टेस्टिंग'मध्ये सरकते. आणि साधारण दोन वर्षांनी सगळ्याच बदलांना लगाम घालून, उरलेले मोठे दोष काढून, 'स्टेबल' आवृत्ती बाहेर पडते.

तिथे काम संपत नाही. स्टेबल आवृत्ती निघाली की वापरणाऱ्याला एक वचन मिळते: प्रणाली सुरक्षित राहील, पण तिची वागणूक रातोरात बदलणार नाही. मूळ लेखक मात्र पुढच्या आवृत्तीत गेलेला असतो आणि सुरक्षेची दुरुस्ती त्या नव्या आवृत्तीतच करतो. मग ती दुरुस्ती तेवढीच कापून काढून, जुन्या कोडमध्ये बेताने सांधावी लागते. विणकर जुन्या वस्त्रातला एक धागा बदलतो आणि वीण तशीच ठेवतो, त्या जातीचे हे काम. प्रत्येक आवृत्तीसाठी ते तीन वर्षे चालते आणि दीर्घकालीन आधाराच्या योजनेत आणखी दोन वर्षे. याशिवाय काही कामे कोणा एका पॅकेजची नसतात. ३२ बिटी प्रणालींत वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहे. तो दिवस येण्याआधी वेळेचा आकडा ६४ बिटी करायचा, म्हणून २०२४ मध्ये डेबियनच्या मंडळींनी हजारो पॅकेजांची ठरावीक क्रमाने पुन्हा बांधणी केली. ही दुरुस्ती नीट झाली तर २०३८ मध्ये कोणाला काहीच कळणार नाही. 'हात फिरे तिथे लक्ष्मी वसे' असे आपण म्हणतो. पण फिरणारा हात दिसत नाही, दिसते ती लक्ष्मीच. निगा राखण्याच्या प्रत्येक कामाची हीच अडचण असते. ते चांगले झाले तर त्याचा पुरावा म्हणून दाखवायला काहीच उरत नाही.

या कामाला विश्वासार्हता येते ती दोन गोष्टींमुळे, आणि पुढचे सारे विवेचन त्या दोनच गोष्टींचे आहे. पहिली, पॅकेजमागे उत्तर देणारे एक माणूस असते. डेव्हलपर होऊ पाहणाऱ्याला आपली ओळख सहसा प्रत्यक्ष भेटीत, ओळखपत्र दाखवून, आधीच्या डेव्हलपरकडून पटवून घ्यावी लागते. त्याचे काम आणि त्याची समज तपासली जाते. मगच त्याच्या किल्लीला भांडाराचे दार उघडते. दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट वाटेल: हे माणूस केव्हाही जाईल, असे धरूनच सगळी व्यवस्था रचलेली आहे. डेबियनची घटना १९९८ ची. कोणावरही काम करण्याची सक्ती नाही, नेमून दिलेले कामही नको असेल तर नाकारता येते, असे ती सुरुवातीलाच सांगते. अट एवढीच, की नियमांच्या आड येऊ नये. दरवर्षी निवडून येणाऱ्या प्रकल्पप्रमुखालाही हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. सक्तीच नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणे भाग पडले. मेंटेनरला वेळ नसेल तर दुसरा डेव्हलपर त्याच्या पॅकेजची तातडीची दुरुस्ती करू शकतो, आणि त्याची रीत ठरलेली आहे. मेंटेनर दीर्घकाळ गप्प राहिला तर त्याची विचारपूस करणारे पथक आहे. सोडून दिलेल्या पॅकेजला 'अनाथ' म्हणतात, ते घेणाऱ्याने 'दत्तक' घेतले असे म्हणतात, आणि अनाथांची यादी सदैव उघडी असते. खुद्द मरडॉकने १९९६ मध्ये प्रकल्पाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती दिली. २०१५ च्या डिसेंबरात त्याचे निधन झाले. डेबियन चालूच राहिली. माणूस कायम राहील या भरवशावर चालणाऱ्या संस्था माणूस गेला की कोलमडतात. ही संस्था माणूस जाणार हे पहिल्यापासून धरून चालली, म्हणून तीस वर्षांपेक्षा जास्त टिकली.

यावर पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा, की ज्याच्यावर सक्ती नाही त्याच्यावर जबाबदारी तरी कसली? चूक झाली तर नोकरी जात नाही, दंड होत नाही. मग सहीला किंमत काय? या आक्षेपाला डेबियनच्या इतिहासातल्या सर्वांत लाजिरवाण्या प्रसंगानेच उत्तर द्यायला हवे. २००६ च्या सप्टेंबरात ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत तिच्या डेबियन मेंटेनरने एक बदल केला. स्मृतीचा गैरवापर शोधणारे एक साधन दोन ओळींबद्दल तक्रार करत होते. त्याने मूळ लेखकांच्या चर्चेत विचारणा केली, कोणी हरकत घेतली नाही, आणि त्या ओळी गेल्या. त्यांतली एक ओळ यादृच्छिक, म्हणजे अंदाज न करता येणाऱ्या, आकड्यांचा सारा पुरवठा आत आणणारी होती. ती गेल्यावर किल्ली बनवताना यादृच्छिक म्हणावा असा फक्त त्या प्रक्रियेचा क्रमांक उरला, आणि त्यामुळे ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात आल्या. एवढ्या किल्ल्या साधा संगणक थोड्या वेळात करून पाहू शकतो. जवळजवळ दोन वर्षे डेबियनवर आणि तिच्यातून निघालेल्या प्रणालींवर तयार झालेल्या किल्ल्या अशा पोकळ होत्या. सही होती, सद्हेतू होता, विचारपूसही झाली होती, आणि तरी एवढा मोठा अपघात घडला.

या प्रसंगावर पांघरूण घालण्याचे कारण नाही, आणि डेबियननेही घातले नाही. हा दोष डेबियनच्याच एका डेव्हलपरने शोधून काढला. १३ मे २००८ रोजी तो दुरुस्तीसह जाहीर झाला. कोणती आवृत्ती, कोणता बदल, कोणत्या दिवशीचा, हे सगळे उघड सांगितले गेले. आणि पोकळ किल्ल्यांच्या याद्या पॅकेज करून वाटल्या गेल्या, म्हणजे कोणालाही आपली किल्ली पडताळून पाहता यावी. दोष लपवणार नाही, असे सामाजिक करारात लिहिले होते. ते कलम कसोटीला लागले आणि टिकले. नोकरी जाण्याच्या भीतीने चुका थांबत नाहीत, लपतात मात्र नक्की. जबाबदारी म्हणजे शिक्षा असे समीकरण मनात धरले तर या मेंटेनरवर जबाबदारी नव्हती. पण विचारल्यावर उत्तर देणे, केलेला बदल सर्वांना दिसेल असा ठेवणे आणि चूक निघाल्यावर ती आपल्या नावासकट मान्य करणे हा जबाबदारीचा अर्थ घेतला, तर ती इथे पुरेपूर होती. उणीव सहीत नव्हती. एवढ्या नाजूक पॅकेजवर दुसरी नजर पडली नाही, ही उणीव होती. पुढच्या काळात एकट्या मेंटेनरऐवजी चमूने पॅकेज सांभाळण्याची पद्धत डेबियनमध्ये वाढत गेली, आणि याच उणिवेवर ते उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि तो २०२४ ने उभा केला. चूक समजू शकते. पण कोणी विश्वास कमवायचा म्हणूनच वर्षानुवर्षे प्रामाणिक काम करत राहिला तर? 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी साधनांची छोटी जुडी जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. तिचा मूळ लेखक एकटाच ती सांभाळत होता, विनामोबदला, आणि थकला होता. 'जिया टॅन' हे नाव घेऊन कोणीतरी मदतीला आले, चांगल्या दुरुस्त्या पाठवत राहिले. त्याच सुमारास अनोळखी नावांनी त्या थकलेल्या लेखकावर, काम दुसऱ्याकडे सोपव, असा दबाव येत गेला. शेवटी 'जिया टॅन'ला सूत्रे मिळाली, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. तो उघड्या कोडच्या इतिहासात जसाच्या तसा दिसत नव्हता. प्रकाशनाच्या गठ्ठ्यात घातलेला एक तुकडा त्याला बांधणीच्या वेळी जागा करत होता, आणि तोही डेबियन किंवा रेड हॅटच्या धर्तीचे पॅकेज बांधले जात असेल तरच. म्हणजे नेम पॅकेज करणाऱ्यांवरच धरला होता. आणि त्यांच्या एका सोयीनेच वाट मोकळी करून दिली: दुसऱ्या यंत्रात लांबून शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सेवेला डेबियनसह काही वितरणांनी एक जोड दिली होती, तिच्या मागून ही लायब्ररी त्या सेवेपर्यंत पोचत होती. मूळ एसएसएचमध्ये ती जोड नाही.

हे कसे उघडकीस आले, तेही पाहायला हवे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रणालीवर काम करणारे अभियंते डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर वेगाच्या चाचण्या घेत होते. एसएसएचने शिरताना नेहमीपेक्षा अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारे जाहीर केले. डेबियनने तत्काळ जुनी आवृत्ती परत आणली. तिला दिलेला क्रमांक नव्या आकड्याच्या पुढे 'खरे तर ५.४.५' असे सांगणारा होता. चोरदरवाजा अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. एका माणसाच्या चौकसपणाने जग वाचले, हा निव्वळ योगायोग, असे म्हणतात. योगायोग होताच. पण त्या माणसाला प्रत्येक थर उघडून पाहता आला, कारण तो उघडा होता. आणि बदल स्टेबलमध्ये जाण्याआधी काही काळ वाट पाहतो, म्हणून त्या योगायोगाला घडायला अवधी मिळाला. मला या प्रकरणातला खरा धडा उगमाकडे दिसतो. एक्सझेड पडले, कारण तिथे एकच माणूस होता आणि त्याच्या जाण्याची कसलीच व्यवस्था नव्हती. थकलेल्याच्या हातून काम कोणी घ्यावे याची रीत नव्हती, म्हणून जो पुढे आला त्याच्या हाती ते गेले. विचारपूस करणारे पथक, अनाथांची यादी, समोरासमोर पटवलेली ओळख, चमू ही डेबियनमध्ये रूक्ष वाटणारी यंत्रणा नेमक्या याच दुखण्यावरचा उतारा आहे. हा उतारा रामबाण आहे असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे सोंग करणारा माणूस समोरासमोरच्या भेटीलाही पुरून उरू शकेल. पण एकाकी माणसाच्या थकव्यावर टपलेल्याला इथे एकाऐवजी अनेकांना फसवावे लागते.

तिसरा आक्षेप आहे तो मूळ लेखकांचा आणि घाईत असलेल्या प्रोग्रॅमरांचा. मध्ये हे राखणदार हवेत कशाला? लेखकाने लिहिले, वापरणाऱ्याने थेट घेतले, हे सरळ नाही का? फ्लॅटपॅक, स्नॅप, कंटेनर या प्रोग्रॅम थेट पोचवणाऱ्या पद्धतींनी ते सोपेही केले आहे. शिवाय स्टेबलमधले प्रोग्रॅम जुने असतात, त्यांतले कधीच दुरुस्त झालेले दोष लोक लेखकालाच पुन्हा पुन्हा कळवत बसतात. ही तक्रार खरी आहे. एका प्रसिद्ध स्क्रीनसेव्हरच्या लेखकाने तर 'ही आवृत्ती फार जुनी आहे' असा इशारा प्रोग्रॅममध्येच घालून ठेवला होता, आणि २०१६ मध्ये त्यावरून वाद झाला. लेखकाचा त्रास नाकारता येत नाही. पण थेट घेण्याची किंमतही त्याच वर्षी दिसली. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून एका लेखकाने नावाच्या वादातून आपली पॅकेजे काढून घेतली. त्यांत अकरा ओळींचे एक पॅकेज होते, आणि त्या अकरा ओळींवर टेकलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर एकाएकी बंद पडली. लेखक आणि वापरणारा यांच्यामध्ये कोणीच नसले, की लेखकाचा राग, थकवा किंवा मृत्यू थेट वापरणाऱ्याच्या दारात येतो. डेबियनमध्ये लेखकाने पाठ फिरवली तरी प्रत भांडारात राहते, आणि २००५ पासूनची बहुतेक प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपून ठेवलेली आहे. कंटेनरबद्दल इतकेच सांगायचे, की कितीतरी कंटेनरांच्या तळाशी डेबियनच असते. मध्यस्थाला बाहेर काढले असे वाटते तिथे तो तळघरात बसून काम करत असतो.

मध्यस्थाचा आणखी एक उपयोग कमी बोलला जातो: तो नाही म्हणू शकतो. ट्रिक्सीत १४ हजारांहून जास्त पॅकेजे नव्याने आली, आणि ८,८४० हून जास्त जुनी म्हणून काढून टाकण्यात आली. प्रोग्रॅमिंगची भाषा पायथन २ हिचा मूळ आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर उभ्या असलेल्या पॅकेजांना भाषेच्या नव्या आवृत्तीवर आणण्याचे किंवा निरोप देण्याचे काम बरीच वर्षे चालले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीतून पायथन २ पूर्ण गेले. प्रत्येक निरोपामागे कोणाची तरी नाराजी असते. ज्याची कमाई वापरणाऱ्यांच्या संख्येवर आहे त्याला असा निरोप देणे जड जाते. ज्याला विकायचेच काही नाही, तो देऊ शकतो. जे सांभाळता येणार नाही ते ठेवायचेही नाही, हा शहाणपणा निगा राखणाऱ्यालाच सुचतो.

मग या माणसांना पगार का देऊ नये? हा प्रश्न आक्षेपापेक्षा आपुलकीचा आहे, आणि डेबियनने त्याचा अनुभवही घेतला आहे. २००६ मध्ये काही डेव्हलपरांनी प्रकल्पाबाहेर निधी उभारला, आणि आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून प्रकाशनाच्या दोन व्यवस्थापकांना एकेक महिना पूर्णवेळ काम करता यावे इतके मानधन देऊ केले. दोघांना पैसे आणि बाकीच्यांना नाही, या भेदाने एवढा कडवटपणा आला की काहींनी आपले काम आखडते घेतले. डिसेंबर २००६ मध्ये यायची ती आवृत्ती अखेर एप्रिल २००७ मध्ये आली. यावरून पैसा वाईट असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कित्येक मेंटेनर आपल्या नोकरीतला वेळ या कामाला देतात. २०१४ पासून चालू असलेला दीर्घकालीन आधार तर बव्हंशी कंपन्यांच्या वर्गणीवर, मोबदला घेणाऱ्या हातांनी चालतो, आणि त्यावर तसा भडका उडाला नाही. फरक इतकाच, की तिथे कोणी स्वखुशीने करायला तयार नसलेले कंटाळवाणे काम पैशाने केले जाते, आणि सही करण्याचा अधिकार मात्र पैशाने मिळत नाही. स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ फुकट राबणारा असा घेऊ नये. इथे त्याचा अर्थ, ज्याला कोणी हुकूम देऊ शकत नाही तो. पैसे घेऊनही माणूस या अर्थाने स्वयंसेवक राहू शकतो. आणि कंपन्यांनी तो तसा राहू द्यावा, कारण त्यांनाही हवी असलेली सही त्याच स्वातंत्र्यातून येते.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी संबंध काय? पहिला संबंध वापराचा, तो सांगितलाच. दुसरा अधिक जवळचा आहे. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी दिसते. लोहित देवनागरी हा फाँट, अ‍ॅस्पेलचा मराठी शब्दकोश, छापील मराठी मजकूर ओळखणारा टेसरॅक्टचा संच ही सगळी वेगवेगळी पॅकेजे आहेत, आणि प्रत्येकाची निगा कोणालातरी राखावी लागते. आता विचार करा: मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाने उमटला, 'दऱ्या'तला र चुकीचा जोडला गेला, 'कऱ्हाड' विचित्र दिसले, तर ते कोणाला खटकणार? महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला, पण शासन निर्णयाने फाँट दुरुस्त होत नाही. बर्लिनमधला किंवा बोस्टनमधला मेंटेनर कितीही निष्णात असला तरी त्याला ही चूक चूक म्हणून दिसणार नाही. ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसते, आणि त्याने कळवली नाही तर ती तशीच राहते. मोठ्या भाषांची काळजी बाजार घेतो. मध्यम भाषांची काळजी त्यांच्या माणसांनीच घ्यायची असते, आणि ती घ्यायला दार उघडे असलेल्या जागा फार थोड्या आहेत. डेबियन त्यांपैकी एक. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनचे वार्षिक संमेलन भारतात प्रथमच, कोचीला, भरले. या कामासाठी परदेशी जावे लागत नाही, याची ती साक्ष आहे.

पुढच्या पानांत पॅकेज बांधण्याच्या रीती आहेत: परवाना कसा वाचायचा, अवलंबने कशी नोंदवायची, दुरुस्ती जुन्या आवृत्तीत कशी सांधायची. त्या रीती कोणालाही शिकता येतात, आणि शिकायला बसावे लागते एवढेच. पण त्या शिकण्याआधी वाचकाने एक छोटे काम करावे, अशी विनंती आहे. आपण रोज वापरतो त्यांतले एक पॅकेज निवडावे आणि त्याची नोंदवही उघडून वाचावी. किती नावे आहेत ती मोजावीत, शेवटची नोंद केव्हाची आहे ती पाहावी. नाव एकच असेल आणि नोंद जुनी असेल, तर त्या माणसाला मदत हवी आहे असे समजावे, आणि आपल्याला दिसलेला एखादा दोष नीट तपासून कळवावा. सुरुवात तेवढ्याने होते. वर्ष-दोन वर्षांनी त्याच नोंदवहीत, नव्या तारखेखाली, आपली सही असावी.